खांब खालून वर वाचा : रोमन मंदिरांची पहिली ओळख

रोममध्ये पहिल्यांदा गेलेला माणूस जुन्या मंदिरासमोर उभा राहिला की आधी मान वर करतो. डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन ही खांबांच्या प्रकारांची तीन नावं कुठेतरी वाचलेली असतात आणि ती लावून मोकळं व्हायची घाई असते. मीही तेच केलं. त्या पहिल्या फेरीची वही आज उघडली की पानापानावर एकच शब्द दिसतो : कॉरिंथियन, कॉरिंथियन, पुन्हा कॉरिंथियन. त्यात चूक काहीच नव्हती, पण हाती काही लागलंही नव्हतं. रोममध्ये उभ्या असलेल्या मंदिरांपैकी बहुतेक कॉरिंथियनच आहेत. पुण्याच्या पेठांमध्ये दिवसभर हिंडावं आणि वहीत ‘वाडा, वाडा, वाडा’ एवढंच लिहून आणावं, तसला प्रकार.

पुढच्या वेळी मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी जमीन, मग जोतं, मग खांबाचा पाय, मग अंग आणि शेवटी डोकं. खरं तर ही रीत आपल्याला नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण खांब असाच बघतो : तळाशी कुंभ, मग अष्टकोनी दंड, वर घंटेसारखं शीर्ष आणि त्यावर हत्तीवर बसलेली जोडपी. रोमन खांबही खालून वर बघितला की बोलायला लागतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत आणि प्रत्येक पायरीसाठी मी रोममधली एकेक जागा ठरवून दिली आहे. सगळं चालत एका दिवसात होतं, पण दोन दिवस घेतलेत तर पायांवर उपकार होतील.

निघण्यापूर्वी

दुर्बीण घ्या, आठपट दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. स्तंभशीर्ष जमिनीपासून दहा-पंधरा मीटर उंचीवर असतं आणि त्यावरची खरी गंमत तळहाताएवढ्या जागेत असते. फोनचा झूम चालेल, पण दुर्बिणीतून बघताना डोळा रेंगाळतो आणि फोटो काढताना पळतो. वही घ्या, चित्रकला येत नसली तरीही. वेडावाकडा खांब काढायला बसलं की आपण काय नीट बघितलंच नाही ते लगेच कळतं. आणि वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची निवडा. तिरप्या उन्हात खांबावर कोरलेल्या पन्हळी, म्हणजे उभ्या खोबणी, उठून दिसतात, दुपारी बाराला सगळं सपाट होतं.

शब्दांची भीती नको. आपल्या वाड्यांच्या बांधकामातले शब्द इथे चांगले कामाला येतात. मंदिर ज्या उंच चौथऱ्यावर उभं असतं ते जोतं. खांबाखालचा घडीव दगड म्हणजे तळखडा. मधला उभा भाग दंड, त्यावर शीर्ष आणि शीर्षांवरून आडवी जाणारी दगडी तुळई. एवढ्या पाच शब्दांवर दिवस निघतो. बाकीचे वाटेत येतील तसे शिकू.

पायरी पहिली : जोतं बघा, मग मंदिराला वळसा घाला

सुरुवात टायबर नदीकाठच्या बोक्का देल्ला वेरिता चौकातून करा. लोक इथे समोरच्या चर्चमधल्या दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालायला रांग लावतात. तुम्ही रस्ता ओलांडून हिरवळीकडे या. तिथे दोन लहान मंदिरं शेजारीशेजारी उभी आहेत, एक चौकोनी आणि एक गोल. नवशिक्याला यापेक्षा चांगला वर्ग जगात कुठे मिळेल असं मला वाटत नाही. गर्दी नाही, तिकीट नाही आणि दोन्ही मंदिरं प्रजासत्ताकाच्या काळातली, म्हणजे सम्राटांच्या आधीची.

चौकोनी मंदिर पोर्तुनुसचं. हा बंदरांचा देव, आणि शेजारीच नदीचं जुनं बंदर होतं. समोर उभं राहून आधी जोतं बघा. ते उंच आहे आणि पायऱ्या फक्त समोरच्या बाजूला आहेत. ग्रीक मंदिर चारी बाजूंनी पायऱ्यांवर बसलेलं असतं आणि कुठूनही चढता येतं. रोमन मंदिर मात्र तुम्हाला समोरून या म्हणतं. आधी नजर, मग पाय, मग देव अशी त्याची शिस्त आहे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातला स्थापत्यलेखक व्हिट्रुव्हियस सांगतो की पायऱ्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे पहिल्या पायरीवर ठेवलेला उजवा पायच वर मंदिराच्या पातळीवर पहिला पडेल. आपल्याकडे उंबरठा ओलांडताना कोणता पाय आधी याचा विचार करणाऱ्या आज्या आठवल्या, तर व्हिट्रुव्हियस परका वाटत नाही.

आता खांब मोजा. समोर चार आहेत. मग बाजूला जा, आणि खरा धडा इथे आहे. पुढच्या ओसरीतले खांब सुटे उभे आहेत, त्यांच्याभोवती हात फिरेल. पण मागे गाभाऱ्याशी आलात की खांब भिंतीत अर्धे बुडालेले दिसतात. ते भार उचलत नाहीत, भार भिंत उचलते. खांबांची फक्त रांग चालू ठेवलेली आहे, म्हणजे लांबून बघणाऱ्याला मंदिराभोवती चारी बाजूंनी खांब आहेत असं वाटावं. ग्रीकांचा सगळीकडून खांबांचा थाट रोमनांना हवा होता, पण गाभाराही रुंद हवा होता. त्यांनी दोन्ही साधलं. म्हणून मंदिराला वळसा घातल्याशिवाय वहीत खांबांची संख्या लिहू नका. ‘समोर चार, सुटे सहा, बाकी भिंतीतले’ अशी नोंद ‘आयोनिक’ या एका शब्दापेक्षा खूप जास्त सांगते. फ्रान्समधल्या नीमला मेझों कारे नावाचं जवळपास अखंड मंदिर आहे. तिथे हाच प्रकार भव्य प्रमाणात दिसतो : एकूण 30 खांब आणि त्यातले 20 भिंतीतले.

मग शेजारच्या गोल मंदिराकडे वळा. हे बहुधा विजयी हर्क्युलिसचं. इथे उंच जोतं नाही, सभोवार पायऱ्या आहेत. म्हणजे हे ग्रीक वळणाचं काम, आणि दगडही ग्रीसहून आणलेला पेंटेलिक संगमरवर. रोममध्ये उभ्या असलेल्या संगमरवरी इमारतींपैकी ही सर्वांत जुनी समजतात. मुळात 20 खांब होते, आज 19 आहेत. वरची तुळई केव्हाच गेली, त्यामुळे कौलारू छप्पर एखाद्या टोपीसारखं थेट शीर्षांवर बसलंय. हसू येतं, पण ते छप्पर आहे म्हणूनच खाली मंदिर टिकलं.

पायरी दुसरी : दोन खांबांमधलं अंतर मोजा

मोजायला टेप लागत नाही. खांबाच्या तळाची जाडी हे माप धरायचं आणि दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत अशा किती जाड्या मावतात ते नजरेनं अजमावायचं. व्हिट्रुव्हियसनं याच हिशेबानं मंदिरांचे पाच प्रकार केले आहेत : दीड जाडी म्हणजे दाट खांब, मग दोन, मग सव्वादोन, मग तीन आणि तीनहून जास्त.

त्यामागची कारणं ऐकण्यासारखी आहेत. दाट खांब असतील, तर प्रार्थनेला आलेल्या बायकांना हातात हात घालून आत जाता येत नाही, एकामागोमाग एक जावं लागतं, अशी त्याची तक्रार. अंतर तीन जाड्यांएवढं झालं तर वरची दगडी तुळई तडकते. त्याहून विरळ ठेवायचे तर दगड सोडाच, लाकडी तुळई घाला. त्याच्या मते सव्वादोन सर्वांत उत्तम, आणि मधल्या दारासमोर तेवढी तीन जाड्यांची वाट मोकळी ठेवावी. ‘सव्वादोन’ ही संख्या मराठीत इतकी सहज बोलता येते की हा नियम लक्षात राहायला मला कष्ट पडले नाहीत.

मात्र हा माणूस सांगतो तसंच सगळे बांधत होते असं समजू नका. तो आदर्श सांगतो. बांधणारे जागा, पैसा आणि मिळालेला दगड बघून बांधत होते. त्याचे आकडे उत्तर म्हणून न वापरता फूटपट्टीसारखे वापरा.

पायरी तिसरी : खांबाचा पाय बघा

पोर्तुनुसच्या मंदिरापासून उत्तरेला थोडं चालत गेलात की सान निकोला इन कार्चेरे हे चर्च लागतं. इथे पूर्वी तीन मंदिरं एका ओळीत होती. मधल्या मंदिराच्या जागेवर चर्च उभं राहिलं आणि दोन्ही बाजूंच्या मंदिरांचे खांब चर्चच्या भिंतींत चिणले गेले. बाहेरून फेरी मारा, भिंतीतून ओळीनं डोकावणारे खांब दिसतील. त्यात डोरिक पद्धतीचेही आहेत. रोममध्ये डोरिक मंदिर बघायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. नीट बघायचं तर शहराच्या दक्षिणेला डोंगरावर वसलेल्या कोरी गावातलं हर्क्युलिसचं मंदिर गाठावं लागतं.

खांबाच्या पायाचा नियम सोपा आहे. जुना ग्रीक डोरिक खांब अनवाणी असतो. तळखडा नाही, दंड सरळ फरशीवर टेकलेला. आयोनिक आणि कॉरिंथियन खांबांना तळखडा असतोच. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दोन फुगीर कडी आणि त्यांच्यामध्ये आत गेलेली खाच, दोन जाडजूड पाटल्यांच्या मध्ये बोट घालायला जागा असावी तशी. त्याला अ‍ॅटिक तळखडा म्हणतात. आणि खांबाला पन्हळी नाहीत, शीर्ष अगदी साधं, वाटीसारखं आहे, पण पायाखाली तळखडा आहे, असं दिसलं तर तो इटलीच्या मातीतला तस्कन प्रकार. व्हिट्रुव्हियसनं त्याची उंची तळाच्या जाडीच्या सातपट सांगितली आहे, म्हणजे बुटका, भरदार गडी.

जायच्या आधी घरच्या घरी सराव करायचा असेल, तर मुंबईत हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटीची इमारत आहे, 1833 साली पूर्ण झालेला टाऊन हॉल. त्या प्रसिद्ध तीस पायऱ्या चढा आणि समोरच्या डोरिक खांबांचे पाय बघा. ही रोमन परंपरा नाही, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांचं ग्रीकप्रेम आहे. पण डोळ्याला वळण लावायला जागा उत्तम. पाय, पन्हळी, शीर्ष या क्रमानं वहीत नोंद करा. वाचनालयात येणारी मंडळी जरा विचित्र नजरेनं बघतील, तेवढं सोसावं.

पायरी चौथी : अंग बघा, म्हणजे दगड बघा

आता फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात शिरा. या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण रोमन खांबाचं मोठेपण त्याच्या शीर्षापेक्षा दंडात आहे, असं माझं ठाम मत झालंय.

प्रत्येक दंडाला तीन प्रश्न विचारायचे. अखंड आहे की तुकड्यांचा? पन्हळी आहेत की गुळगुळीत? आणि दगड कुठला?

तुकड्यांचा असेल तर आडव्या सांध्यांच्या रेषा दिसतात, एकावर एक ठेवलेल्या जात्याच्या तळ्यांसारख्या. फोरममधले कॅस्टर आणि पोलक्स यांच्या मंदिराचे तीन उंच खांब असे आहेत. हे मंदिर पुढे सम्राट झालेल्या तिबेरियसनं इ.स. 6 मध्ये अर्पण केलं. दगड इटलीतल्याच लूनाचा, म्हणजे आजच्या कॅराराचा पांढरा संगमरवर. त्यावर पन्हळी आहेत. आयोनिक आणि कॉरिंथियन दंडावर त्या साधारण 24 असतात आणि दोन पन्हळींमध्ये सपाट पट्टी सोडलेली असते. डोरिकवर 20, आणि मधली कड धारदार. पट्टी की धार एवढं पाहिलंत, तरी शीर्ष तुटून पडलेल्या खांबाची जात सांगता येते.

आता जवळच्याच अंतोनिनुस आणि फाउस्तिना यांच्या मंदिराकडे या. सम्राट अंतोनिनुस पायस यानं हे 141 मध्ये दिवंगत पत्नीसाठी उभारलं, आणि तो स्वतः गेल्यावर त्याचंही नाव शिलालेखात आलं. इथले खांब अखंड आहेत आणि गुळगुळीत. दगड हिरवट आणि लाटालाटांच्या पट्ट्यांचा, ग्रीसच्या युबिया बेटावरचा. इटालियन कारागिरांनी त्याला नाव दिलंय चिपोल्लिनो, म्हणजे छोटा कांदा. कांदा आडवा कापल्यावर जसे पापुद्रे दिसतात तशा त्याच्या शिरा. हा दगड आपल्या लोकांनी एकदा पाहिला की जन्मभर विसरणार नाहीत.

इथून एक ठोकताळा बांधता येतो. पांढरा संगमरवर असेल तर पन्हळी, रंगीत दगड किंवा ग्रॅनाइट असेल तर गुळगुळीत. पांढऱ्या दगडावर सावलीचा खेळ हवा म्हणून पन्हळी कोरायच्या. रंगीत दगडाचा रंग आणि चकाकी हेच भूषण, तिथे पन्हळी कोरल्या तर शिरांची नक्षी मोडते. ग्रॅनाइटच्या बाबतीत आणखी एक साधं कारण आहे : तो इतका कठीण की पन्हळी कोरायला कोण बसणार?

याच मंदिराच्या खांबांवर वरच्या बाजूला तिरप्या खाचा दिसतात. दोर बांधून खांब ओढून पाडायचा प्रयत्न झाला त्याच्या या खुणा, असं सांगतात. खांब पडले नाहीत. आत चर्च झालं, आणि त्या चर्चचं दार आज ओसरीच्या फरशीपासून कितीतरी उंच, हवेत लटकल्यासारखं दिसतं. दार चुकलेलं नाही. ते केलं तेव्हा जमीनच तिथपर्यंत चढलेली होती.

फोरमच्या दुसऱ्या टोकाला सॅटर्नच्या मंदिराचे आठ खांब आहेत. सहा समोर, राखाडी ग्रॅनाइटचे, आणि दोन बाजूचे, लालसर ग्रॅनाइटचे. जोडीतले बूट वेगवेगळ्या रंगांचे घालून कोणी लग्नाला यावं तसं. पण वरचा शिलालेख वाचला की कोडं सुटतं : आगीत भस्म झालेलं हे मंदिर सिनेटनं आणि रोमच्या जनतेनं पुन्हा उभारलं. हे चौथ्या शतकातलं काम. इजिप्तहून नवे खांब मागवायचे दिवस तेव्हा सरले होते, म्हणून जुन्या इमारतींचे दंड आणून बसवले. रंगाची ही विसंगती तारखेइतकीच बोलकी आहे. हे माझ्या पहिल्या वहीत कुठेच नव्हतं, कारण मी शीर्षाकडे बघत बसलो होतो.

जाता जाता एक गोष्ट तपासा. दंड वर निमुळता होत जातो हे सगळ्यांना दिसतं. पण तो सरळ रेषेत निमुळता होत नाही, मध्ये किंचित फुगीर असतो. एका खांबाची कड पलीकडच्या भिंतीच्या सरळ कडेशी जुळवून बघा, हलकासा बाक दिसेल.

पायरी पाचवी : आता वर बघा

सॅटर्नसमोर आहातच, तर इथूनच आयोनिक शीर्षाला सुरुवात करू. आयोनिकची खूण म्हणजे दोन बाजूंना गुंडाळलेली वेटोळी. अर्धवट उघडलेली कागदाची सुरळी समोरून बघितल्यावर दिसते तशी. अडचण अशी की या शीर्षाला तोंड आणि बाजू वेगळ्या असतात. समोरून वेटोळं दिसतं, बाजूनं नुसती लोळी. मग कोपऱ्यातल्या खांबानं काय करायचं? त्याला दोन रस्त्यांकडे तोंड हवं. पोर्तुनुसच्या मंदिरात कोपऱ्याचं वेटोळं तिरकं, बाहेर खेचलेलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तोंडच दिसतं. ही तोड ग्रीकांची. सॅटर्नच्या मंदिरात तर प्रत्येक शीर्षाची चारही वेटोळी कोपऱ्यांकडे वळवलेली आहेत. चारी बाजू सारख्या, खांब कुठेही ठेवा. अशी एखादी अडचण समजली की शीर्ष नुसती नक्षी राहत नाही, कारागिराचं उत्तर होतं.

कॉरिंथियन शीर्ष बघताना एक गोष्ट सांगावीच लागते. व्हिट्रुव्हियसनं ती लिहून ठेवली आहे, खरी असो वा नसो. कॉरिंथमधली एक मुलगी ऐन लग्नाच्या वयात वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या वस्तू एका टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि वरून कौल झाकलं. टोपली नेमकी अकँथस नावाच्या झुडपाच्या मुळावर बसली. वसंतात पानं फुटली, टोपलीच्या कडेनं वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. वाटेनं जाणाऱ्या कॅलिमाकस नावाच्या शिल्पकारानं ते पाहिलं. आता दुर्बीण लावा आणि शीर्षात हीच गोष्ट शोधा. मधला घंटेसारखा भाग म्हणजे टोपली. त्याच्याभोवती पानांच्या दोन रांगा, प्रत्येकीत आठ. पानांमधून वर आलेले देठ. चार कोपऱ्यांना बाहेर वळलेली वेटोळी. वर चारी बाजूंनी आत बाक असलेला फलक, तो अ‍ॅबॅकस, म्हणजेच ते कौल. आणि फलकाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक फूल. टोपली, पानं, देठ, वेटोळी, कौल, फूल, असा क्रम बोटावर मोजून बघा.

एवढं जमलं की सगळी कॉरिंथियन शीर्षं सारखी दिसणं थांबतं. कॅस्टरच्या मंदिरात फुलाखालची मधली दोन लहान वेटोळी एकमेकांत अडकवलेली आहेत, दोन बोटांची कडी घालावी तशी. असं एरवी सहसा दिसत नाही. तिवोलीला धबधब्यावरच्या कड्यावर वेस्ताचं म्हणून ओळखलं जाणारं गोल मंदिर आहे. तिथली पानं कुरळी, कोबीसारखी चुरगळलेली आणि फूल अवाढव्य. तो इटलीचा जुना, स्थानिक कॉरिंथियन, रोममध्ये संगमरवराचा प्रमाणित नमुना रूढ होण्याआधीचा.

काँपोझिट नावाचा पाचवा प्रकारही तुम्ही ऐकाल. खाली कॉरिंथियनची पानं आणि वर आयोनिकची मोठी वेटोळी. तो बघायला फोरममधल्याच तितुसच्या कमानीकडे जा, ती 81 च्या सुमाराची आहे. मात्र मंदिरावर काँपोझिट दिसलं असं वाटलं तर दुर्बीण पुन्हा लावा. देठ दिसले तर ते कॉरिंथियनच. काँपोझिटचं कौतुक रोमनांनी जास्त करून कमानींवर आणि स्नानगृहांमध्ये केलं.

आणि शीर्षावर भोळेपणानं विश्वास ठेवू नका. पाँपेईला अपोलोच्या मंदिराभोवतीच्या खांबांची शीर्षं मुळात आयोनिक होती. नंतर चुन्याच्या गिलाव्यात ती कॉरिंथियन करून रंगवली. पुढे गिलावा गळून पडला आणि आतलं आयोनिक पुन्हा बाहेर आलं. पोर्तुनुसच्या मंदिराचंही अंग तूफ आणि ट्रॅव्हर्टाइन या साध्या दगडांचं आहे आणि त्यावर गिलावा चढवून संगमरवराचा भास केलेला होता. आज दिसणारा काळवंडलेला दगड त्या काळी कोणी उघडा बघितलाच नाही.

पायरी सहावी : हिशेब जुळवा

फोरममधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याच्या कठड्यावरून ऑगस्टसच्या फोरममध्ये डोकवा. मार्स उल्तोर, म्हणजे सूड घेणाऱ्या युद्धदेव मार्सचं मंदिर, इ.स.पू. 2 मध्ये अर्पण केलेलं. तीन खांब शिल्लक आहेत, प्रत्येकी 60 रोमन फूट, म्हणजे सुमारे 17.7 मीटर. रोमन फूट साधारण 29.6 सेंटिमीटरचा. साठ, पन्नास, चाळीस असे गोल आकडे या लोकांना फार प्रिय. कॅस्टरचा खांब 50 फुटी आहे.

कॉरिंथियन खांबांमध्ये एक सुंदर प्रमाण वारंवार सापडतं. तळखडा आणि शीर्ष धरून पूर्ण उंची सहा भाग, तर नुसता दंड पाच भाग. याची परीक्षा सगळ्यात शेवटी पँथिऑन या प्राचीन मंदिरात घ्या. वाटेत पियात्सा दी पिएत्रा या छोट्या चौकात सम्राट हेड्रियनच्या मंदिराचे 11 खांब एका इमारतीच्या भिंतीत उभे दिसतील. त्यांच्या पायाशी खणलेल्या खड्ड्यात वाकून बघा : जुनी जमीन किती खाली होती आणि जोतं कुठे आहे ते कळेल. इथे आइस्क्रीम खायला थांबायला हरकत नाही.

पँथिऑनच्या ओसरीत 16 खांब आहेत. इथे एक मोठी सोय आहे, तुम्ही खांबाजवळ जाऊ शकता. आत जायला 2023 पासून तिकीट आहे, पण खांब बघायला बाहेरची ओसरीच पुरते. दंड अखंड, इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, प्रत्येकी 40 रोमन फूट उंच आणि साठेक टन वजनाचे. समोरची रांग राखाडी. तो दगड इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या मोन्स क्लाउदियानुस खाणीचा : आधी वाळवंटातून नाईलपर्यंत, मग तराफ्यावरून समुद्राकडे, मग जहाजानं इटली आणि शेवटी टायबरवरून शहरात. आतल्या खांबांचा गुलाबी दगड अस्वानचा. शीर्षं मात्र पांढऱ्या संगमरवराची.

हिशेब करा. दंड 40 फूट, म्हणजे पाच भाग. एक भाग आठ फूट. सहा भाग 48 फूट, आणि तळखड्यासकट पूर्ण खांब तेवढाच भरतो, सुमारे 14.2 मीटर. आता खांबाला कवेत घ्यायला जा. तळाची जाडी दीड मीटरच्या आसपास, म्हणजे घेर जवळजवळ तीन वाव. दोन जणांचे हात एकमेकांना पोचत नाहीत, तिसरा लागतो. पूर्ण उंची जाडीच्या जवळपास दहापट. हे गुणोत्तर पाठ करून उपयोग नाही, एकदा हातांनी मोजलं की विसरत नाही.

ओसरीमागच्या भिंतीवर वरच्या बाजूला दुसऱ्या एका त्रिकोणी शिखराची रेषा दिसते, आजच्या शिखराहून उंच. एक मत असं की मुळात 50 फुटी दंड ठरले होते, ते मिळाले नाहीत म्हणून ओसरी खाली आणावी लागली. मला हे मत पटतं. इतक्या मोठ्या साम्राज्यालाही ऑर्डरप्रमाणे माल आला नाही म्हणून नकाशा बदलावा लागला असेल, तर त्यात मला रोमन माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

पायरी सातवी : दुरुस्ती शोधा

पँथिऑन उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ओसरी बहुतेक वेळ सावलीत असते. फोटो काळे येतात, दुर्बीण मात्र छान चालते. समोर उभं राहून डावीकडच्या टोकाचा खांब आणि त्याच्या मागचे दोन बघा. हे तीन मूळचे नाहीत, सतराव्या शतकात बदललेले आहेत. कोपऱ्याचा खांब पोप आठव्या अर्बनच्या काळातला आणि मागचे दोन सातव्या अलेक्झांडरच्या काळातले. त्यांनी सही करायची जागा फार हुशारीनं निवडली. शीर्षाच्या फलकावर मध्यभागी जिथे फूल असायला हवं, तिथे दुर्बीण स्थिर करा. अर्बनच्या बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह होतं मधमाशी, अलेक्झांडरच्या किजी घराण्याचं तारा. फुलाच्या जागी मधमाशी सापडेपर्यंत तिथून हलू नका. मला पहिल्या खेपेला वीस मिनिटं लागली होती.